डब्लिनमधील तीन शुक्रवार

डब्लिन शहर आम्ही पाहिलेले नाही. आता या वयात पाहू, असेही वाटत नाही. तरी त्या शहरातील एका सभागृहात 1943 सालच्या फेब्रुवारीत लागोपाठ तीन शुक्रवारी जे बोलले गेले, त्याने गेली कित्येक वर्षे आमच्या मनात घर केले आहे. तारखा होत्या 5, 12 आणि 19. युरोपात महायुद्ध पेटलेले होते. आयर्लंड तटस्थ असले तरी चहापासून कोळशापर्यंत सगळ्याच गोष्टींची टंचाई होती. अशा दिवसांत ट्रिनिटी कॉलेजात सुमारे 400 माणसे जमत आणि एका परदेशी पदार्थवैज्ञानिकाचे व्याख्यान ऐकत. विषय कठीण आहे, अशी सूचना वक्त्याने आरंभीच देऊनही श्रोत्यांची संख्या फारशी घटली नाही. पंतप्रधान एमन डी व्हॅलेरा स्वतः श्रोत्यांत होते. वक्ते होते एर्विन श्रोडिंगर आणि विषय होता, जीवन म्हणजे काय?

हा प्रश्न धर्मगुरूने विचारला तर कोणास नवल वाटत नाही. डॉक्टराने विचारला तरी चालते. परंतु ज्याने आपले आयुष्य अणूंच्या गणितात घालविले, त्याने तो विचारावा, ही गोष्ट त्या काळी वेगळी होती. श्रोडिंगर यांनी 1926 साली मांडलेले समीकरण पुंजभौतिकीचा, म्हणजे ज्याला आता सर्रास क्वांटम म्हटले जाते त्या शास्त्राचा, पाया मानले जाते. 1933 चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल डिरॅक यांच्यासमवेत मिळाले होते. अणूच्या पोटातील व्यवहार ज्या नियमांनी चालतो, त्यांच्या जाणकारांत ते अग्रगण्य होते. आणि हा मनुष्य आता गाय, गवत, माणसाचा ओठ आणि माणसाचा मृत्यू यांविषयी बोलणार होता.

ते डब्लिनला कसे पोहोचले, याची हकीकत आपल्या वाचकांना विशेष वाटावी अशी आहे. हिटलर सत्तेवर येताच 1933 साली त्यांनी बर्लिनची प्राध्यापकी सोडली. 1936 साली ते आपल्या मायदेशी, ऑस्ट्रियातील ग्राझ येथे, परतले. दोनच वर्षांत जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला. जीव वाचविण्यासाठी त्यांनी नव्या राजवटीला शरण जाणारे एक पत्र वर्तमानपत्रात छापू दिले. पुढे त्याचा त्यांना पश्चात्ताप झाला, आणि त्याचा उपयोगही झाला नाही; नोकरी गेली ती गेलीच. पत्नी आनेमारी यांच्यासह मोजक्या सामानानिशी ते रोमला पोहोचले, तेव्हा खिसा रिकामा होता. एन्रिको फर्मी या इटालियन वैज्ञानिकाने पैसे दिले. मुसोलिनीच्या त्या शहरात टपाल उघडले जाण्याची धास्ती होती. परंतु पोप अकराव्या पायस यांनी 1936 साली नव्याने उभारलेल्या विज्ञान अकादमीचे श्रोडिंगर हे सदस्य होते. ते व्हॅटिकनमध्ये गेले, अकादमीत बसले आणि तेथून त्यांनी तीन पत्रे लिहिली. त्यांतील एक होते डी व्हॅलेरांना. ते त्या वेळी राष्ट्रसंघाच्या सभेचे अध्यक्ष म्हणून जिनीव्हात होते.

श्रोडिंगर यांचे वडील कॅथोलिक, आई लुथरपंथीय. ते स्वतः कोणत्याच ख्रिस्तसभेच्या उपासनेत रमणारे नव्हते. तरीही आश्रयासाठी लिहिलेले पत्र व्हॅटिकनच्या भिंतींआड लिहिले गेले, हे आम्हांस नेहमीच हृद्य वाटत आले आहे.

डी व्हॅलेरा राजकारणात येण्यापूर्वी गणित शिकवीत असत. त्यांच्या पुढाकाराने 1940 साली कायदा होऊन डब्लिनमध्ये उच्च अभ्यासासाठी एक संस्था निघाली. तिचे सुरुवातीस दोनच विभाग होते. एक केल्टिक भाषा व संस्कृतीचा आणि दुसरा सैद्धांतिक पदार्थविज्ञानाचा. गरीब, नवस्वतंत्र, शेतकऱ्यांच्या देशाने कागद आणि पेन्सिल एवढ्याच भांडवलावर चालणारी विज्ञानशाखा निवडावी, यात आम्हांस मोठा शहाणपणा दिसतो. प्रयोगशाळेला पैसा लागतो. विचाराला शांतता लागते, आणि ती युद्धकाळात आयर्लंडपाशी होती. 1942 साली संस्थेतील एका विद्वानाने प्रतिपादन केले की, संत पॅट्रिक एक नव्हे, दोन होऊन गेले. त्याच सुमारास श्रोडिंगर यांचे कार्यकारणभावावरील व्याख्यान झाले. तेव्हा फ्लॅन ओब्रायन या विनोदी लेखकाने आयरिश टाइम्समधील आपल्या सदरात शेरा मारला की, या संस्थेने आजवर सिद्ध केले ते एवढेच, की संत पॅट्रिक दोन आहेत आणि देव एकही नाही. डब्लिन शहर त्यावर मनसोक्त हसले असावे. श्रद्धा पक्की असलेल्या समाजालाच असा विनोद परवडतो.

व्याख्याने झाली ते ट्रिनिटी कॉलेज मूळचे प्रॉटेस्टंटांचे, 1592 साली एलिझाबेथ राणीच्या सनदेने स्थापिलेले. डब्लिनचे आर्चबिशप जॉन चार्ल्स मॅक्वेड यांनी पुढल्याच वर्षी, 1944 च्या उपवासकाळातील पत्रात, परवानगीवाचून कोणा कॅथोलिक तरुणाने तेथे शिकू नये, असे निक्षून बजावले. हे बंधन 1970 साली उठले. अशा त्या वातावरणात ही तीन व्याख्याने झाली, हे ध्यानी ठेवले म्हणजे पुढील प्रकरण कळते.

आता मूळ विषयाकडे वळू. श्रोडिंगर यांचा पहिला प्रश्न वरवर पोरकट वाटतो. अणू इतके लहान का? पण लहान कोणाच्या तुलनेत? आपल्या. तेव्हा खरा प्रश्न असा, की अणूच्या मानाने आपण इतके अवाढव्य का? याचे उत्तर गर्दीत आहे. एकटा अणू बेभरवशाचा असतो. उष्णतेने तो सतत इकडेतिकडे धडका देत राहतो. निसर्गाचे जे पक्के नियम आपण शाळेत शिकतो, ते बहुतांशी अणूंच्या अफाट जमावाचे नियम आहेत. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत अमुक एक मनुष्य केव्हा येईल, कोणत्या दुकानापाशी थबकेल, हे कोणी सांगू शकत नाही. परंतु रविवारी किती जादा गाड्या सोडाव्यात, हे बसच्या व्यवस्थापकाला बरोबर ठाऊक असते. गणिताच्या भाषेत, जमावात 100 कण असतील तर नियम साधारण 10 ने, म्हणजे शेकडा दहाने, चुकतो. 10 लाख असतील तर 1000 ने, म्हणजे शेकडा एक दशांशाने. जमाव वाढेल तसा नियम काटेकोर होत जातो. म्हणून विचार करणाऱ्या, नियमाने चालणाऱ्या शरीरात अणू असंख्यच हवेत.

येथवर सारे ठीक. पण मग जनुकाचे काय? आई-वडिलांचा चेहरामोहरा मुलांत उतरविणारा हा घटक फार लहान असला पाहिजे, हे तेव्हा कळून चुकले होते. माक्स डेल्ब्रुक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1935 साली क्ष-किरणांच्या प्रयोगांवरून जो अंदाज बांधला, त्यानुसार जनुकात अणू फार तर हजाराच्या घरात निघत होते. एवढ्याशा जमावाचा नियम पदोपदी चुकायला हवा. प्रत्यक्षात काय दिसते? व्हिएन्नाचे श्रोडिंगर येथे आपल्या गावचे उदाहरण देतात. ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्यात पुढे आलेला खालचा ओठ पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला. सोळाव्या शतकातील राजाचे चित्र पाहा, एकोणिसाव्या शतकातील वंशजाचे पाहा, ओठ तोच. तो घडविणारा जनुक शतकानुशतके मानवी देहाच्या उष्णतेत, अणूंच्या त्या अखंड धक्काबुक्कीत, राहिला आणि तरी बिघडला नाही. साम्राज्य मोडले, पण त्याच्या शेवटास ओठ कारण नव्हता!

या कोड्याची उकल जुन्या पदार्थविज्ञानापाशी नव्हती, पुंजभौतिकीपाशी होती. हे समजण्यास गणित लागत नाही. उतारावर ठेवलेला तांब्या जरासा धक्का लागला तरी घरंगळतो. जिन्याच्या पायरीवर ठेवलेला तांब्या लहानसहान धक्क्यांनी हलत नाही. पायरी ओलांडण्याइतका मोठा धक्का लागावा लागतो. अणूंच्या जगात उतार नाहीत, पायऱ्या आहेत. अणूंची एक मांडणी आणि दुसरी मांडणी यांच्या मध्ये काही नसते. म्हणून रेणू टिकतो, आणि म्हणून जनुक टिकतो. क्वचित एखादा मोठा धक्का लागतो, क्ष-किरणांचा म्हणा, आणि मांडणी बदलते. अशा बदलाला उत्परिवर्तन म्हणतात. आपल्या महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे नाव ठाऊक नसेल, पण गोष्ट ठाऊक आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणांचा वापर करून विकसित केलेले भुईमुगाचे वाण अनेक वर्षे आपल्या राज्यात पेरले जात आहे. जनुकाची पायरी बदलली, की शेंगदाणा बदलतो.

आम्हांस सर्वांत आवडते ते यापुढले. श्रोडिंगर म्हणतात की, पदार्थविज्ञानाने आजवर ज्या स्फटिकांचा अभ्यास केला, ते भिंतीवर चिकटविण्याच्या नक्षीच्या कागदासारखे आहेत. एकच वेलबुट्टी पुनःपुन्हा. जीवनाचा रेणूही स्फटिकच असला पाहिजे, पण पुनरावृत्ती नसलेला. म्हणजे राफाएलने योजिलेल्या एखाद्या भिंतपडद्यासारखा, ज्यात प्रत्येक धागा वेगळे काही सांगतो. हे पडदे वाचकांपैकी काहींनी व्हॅटिकनच्या संग्रहालयात पाहिले असतील. पोप दहावे लिओ यांनी ते सिस्टाइन चॅपेलसाठी विणवून घेतले. त्यांत संत पेत्र आणि संत पौल यांच्या जीवनातील प्रसंग आहेत. एकावर गालीलच्या सरोवरातील ते अद्‌भुत मासे पकडणे विणलेले आहे. राफाएलच्या पाचशेव्या स्मृतिवर्षात, फेब्रुवारी 2020 मध्ये, ते आठवडाभर सिस्टाइनच्या मूळ जागी पुन्हा टांगले गेले होते. त्या नास्तिकवृत्तीच्या वैज्ञानिकाला जीवनाच्या रेणूसाठी नेमकी हीच उपमा सुचावी! जाळी भरून आलेल्या त्या होडीचे चित्र आमच्या कोळीवाड्यातील कोणाही आजीला समजावून सांगावे लागणार नाही, आणि त्यातील एकही धागा जागचा हलविता येणार नाही. जनुकाविषयी श्रोडिंगर यांना हेच म्हणायचे होते. त्या धाग्यांत सबंध प्राण्याचा आराखडा एखाद्या सांकेतिक लिपीत लिहिलेला असावा, असे त्यांचे अनुमान होते.

व्याख्यानांचे पुस्तक 1944 साली निघाले. जेम्स वॉटसन, फ्रान्सिस क्रिक आणि मॉरिस विल्किन्स या तिघांनीही त्याचे ऋण मान्य केले आहे. 1953 साली डीएनएच्या दुहेरी गोफाची रचना उलगडली, तेव्हा क्रिक यांनी श्रोडिंगर यांना पत्र पाठवून कळविले की, पुनरावृत्ती नसलेला स्फटिक हे तुमचे शब्द अगदी चपखल ठरणार असे दिसते. पत्रावर तारीख आहे 12 ऑगस्ट. तो श्रोडिंगर यांचा वाढदिवस. क्रिक यांना ते माहीत असण्याचे कारण नव्हते.

अर्थात, या पुस्तकाची आरती ओवाळणे हा आमचा हेतू नाही. माक्स पेरुत्झ या दुसऱ्या व्हिएन्नावासी शास्त्रज्ञाने 1987 साली त्यावर कठोर निवाडा दिला. त्यातील जे खरे ते नवे नव्हते, आणि जे नवे त्यातील बरेचसे खरे नव्हते, असा त्याचा आशय. शास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच असेल. पण योग्य वेळी योग्य प्रश्न विचारणे हेही एक काम असते, आणि ते पेरुत्झ यांच्या तराजूत बसत नाही.

व्याख्यानांचा दुसरा धागा मृत्यूचा आहे. कोणतीही वस्तू एकटी सोडली की तिच्यातील व्यवस्था हळूहळू विसकटते. गरम चहा निवतो, साखर विरघळते, घर पडीक होते. या विसकटण्याच्या मापाला एन्ट्रॉपी म्हणतात. सजीव तेवढा या उताराला दाद देत नाही, कारण तो बाहेरून सतत व्यवस्था ओढून घेतो. गाय गवत खाते, ते केवळ शक्तीसाठी नव्हे. गवताने सूर्यप्रकाशाच्या बळावर जी व्यवस्था रचली, तीही ती खाते. हे थांबले की देह भोवतालाशी एकरूप होऊ लागतो. पदार्थविज्ञानाच्या भाषेत मरण ते हेच.

धर्मशिक्षणाच्या वर्गात एकदा आम्हांस याचीच परीक्षा द्यावी लागली. दहावीतील एका मुलीची आजी नुकतीच अतिदक्षता विभागात वारली होती. डॉक्टरांनी घरच्यांना सांगितले होते की, हृदय थांबल्यावरही त्वचेतील पेशी काही काळ जिवंत असतात. मुलीने विचारले, ‘‘सर, मग आजी नक्की कधी गेली?’’ वर्गात एकदम शांतता पसरली. आम्ही तिला सांगितले, ‘‘बाळ, देहाचे जाणे हे लाटेसारखे आहे, त्याला एक क्षण नसतो, ते मोजणाऱ्यांनी मोजावे. तू ज्या आजीविषयी विचारतेस, ती पेशींची बेरीज नव्हती. तिच्याविषयी पदार्थविज्ञान काही सांगत नाही. ते ‘नाही’ असेही सांगत नाही.’’ मुलीचे समाधान झाले की नाही, कोण जाणे. ‘‘मग कोण सांगते?’’ असा तिचा पुढला प्रश्न होता, आणि तास संपल्याची घंटा होण्यापूर्वी आम्ही तिच्याशी पुनरुत्थानाविषयी बोललो. तो विषय आम्ही पदार्थविज्ञानाच्या खांद्यावर टाकला नाही.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण आहे. अलीकडे क्वांटम या शब्दाचा सुळसुळाट झाला आहे. क्वांटम उपचार, क्वांटम पाणी, क्वांटम ध्यान. अशी पत्रके मिस्सा सुटल्यावर फाटकाबाहेरही हाती पडतात. जुनाट दुखण्याने गांजलेला मनुष्य पैसे देऊन मोकळा होतो. म्हणून या क्षेत्रातील अस्सल संशोधन कसे चालते, हे थोडे सांगणे भाग आहे.

पुंजभौतिकीचे नियम नाजूक असतात. ते उघडपणे पाहायचे तर बहुधा कडाक्याची थंडी लागते. 1911 साली हॉलंडमधील कामर्लिंग ओनेस यांनी पाऱ्याला निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम चार अंशांपर्यंत थंड केले, तेव्हा त्यातील विजेचा रोध एकाएकी नाहीसा झाला. पाऱ्याच्या एकट्या अणूत हा गुण शोधून सापडत नाही; तो जमावात उपजतो. फिलिप अँडरसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1972 साली एका गाजलेल्या लेखात यावरूनच म्हटले की, मूळ कणांचे नियम कळले म्हणून त्यांपासून बनलेल्या साऱ्या गोष्टी कळल्या असे होत नाही. प्रत्येक पातळीवर नवे नियम उगवतात. द्रव्याचे हे रूप थंडीत, शांततेत वावरणारे. आणि सजीव पेशी? ती उबदार, ओली, गजबजलेली. असल्या बाजारात पुंजभौतिकीचे नाजूक सूर ऐकू येतील काय?

2007 साली अमेरिकेतील बर्कलीच्या संशोधकांनी जाहीर केले की, होय, येतात. प्रकाशावर जगणाऱ्या एका हिरव्या जीवाणूचे प्रथिन उणे 196 अंशांना ठेवून त्यांनी प्रकाशाची शक्ती कशी वाहते ते पाहिले, तेव्हा त्यांना लाटांसारखी आंदोलने दिसली. जगभर बातम्या झळकल्या. झाडाचे पान म्हणजे क्वांटम संगणक, इथपर्यंत मजल गेली. पण त्याच क्षेत्रातील लोकांनी प्रयोग पुनःपुन्हा तपासले, आणि 2020 पर्यंत बहुतेकांचे मत असे बनले की, ती आंदोलने मुख्यतः रेणूंच्या साध्या कंपनांची होती. नेहमीच्या तापमानाला पुंजभौतिकीचा तो सूर इतक्या झटकन विझतो की पानाला त्याचा उपयोग होत नाही. एवढा गाजलेला निष्कर्ष त्याच बिरादरीने मागे घ्यावा, ही विज्ञानाची खरी श्रीमंती. फाटकाबाहेरच्या पत्रकाने आजवर काही मागे घेतल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

सारेच खोटे ठरले असे मात्र नाही. आपल्या शरीरातील काही विकरे काम करताना हायड्रोजनचा कण मधली टेकडी चढून न जाता आरपार जातो, हे आता मान्य झाले आहे. आणि रॉबिन पक्ष्याची गोष्ट तर फारच गोड आहे. युरोपातील हा चिमणीएवढा, लाल छातीचा पक्षी हिवाळ्यात दक्षिणेकडे जातो. तो पृथ्वीच्या चुंबकत्वावरून वाट काढतो, पण आपल्या होकायंत्रासारखी नव्हे. त्याला उत्तर-दक्षिण कळत नाही, चुंबकरेषांचा उतार कळतो, हे विल्चको दांपत्याने 1972 साली दाखविले. प्रकाशाने डोळ्यातील एका रेणूत इलेक्ट्रॉनांची जोडी जागी होते आणि त्या जोडीच्या पुंजभौतिक नात्यावर चुंबकत्वाचा परिणाम होतो, अशी कल्पना 1978 साली क्लाउस शुल्टेन यांनी मांडली. 2021 साली रॉबिनच्या डोळ्यातील तसे प्रथिन परीक्षानळीत चुंबकत्वाला प्रतिसाद देते, असे दिसून आले. जिवंत पक्ष्यात हेच घडते का, ते सिद्ध व्हायचे आहे. युरोपातील भाविक लोककथा सांगते की, क्रुसावरील प्रभूच्या मस्तकातील काटा काढू पाहताना रॉबिनची छाती रक्ताने माखली. या पक्ष्याच्या वाट्याला चांगल्या गोष्टी येतात, एवढे खरे.

आता पुस्तकाचे ते प्रकरण, ज्याकडे आम्ही मघापासून येत होतो. छापील पुस्तकाला श्रोडिंगर यांनी एक उपसंहार जोडला. त्यातील युक्तिवाद थोडक्यात असा. माझे शरीर निसर्गनियमांनी बांधलेले यंत्र आहे. परंतु त्याच्या हालचाली मी चालवितो, हा माझा रोकडा अनुभव आहे. दोन्ही खरे असेल तर अणूंची गती चालविणारा तो मीच. ख्रिस्ती परिभाषेत हे विधान म्हणजे ईश्वरनिंदा आणि वेडेपणा ठरेल, हे ते स्वतःच कबूल करतात आणि उपनिषदांतील आत्मा व ब्रह्म यांच्या ऐक्याकडे बोट दाखवितात. डब्लिनच्या केहिल या प्रकाशनसंस्थेने पुस्तक छपाईस घेतले होते. उपसंहार पाहून तिने अंग काढून घेतले. पुढे केंब्रिज विद्यापीठाने ते छापले.

आमच्या मते केहिलवाल्यांनी घाई केली. जनुकाविषयीची प्रकरणे उपसंहारावर अवलंबून नाहीत, आणि खरे म्हणजे उपसंहारही त्या प्रकरणांतून निघत नाही. तो श्रोडिंगर यांनी तरुणपणापासून बाळगलेला विचार होता. त्याला उत्तर द्यायचे होते, दार लावायचे नव्हते. डब्लिनजवळच्या मेनूथच्या सेमिनरीत गणित शिकविणारे मोन्सिन्योर पॉड्रिग द ब्रून यांच्यासारखे विद्वान धर्मगुरू श्रोडिंगर यांचे स्नेही होते; उत्तर देण्यास माणसांची वाण नव्हती.

आणि उत्तर देण्यास आपण मराठी ख्रिस्ती लोक काही बाबतीत डब्लिनकरांहून अधिक जवळ आहोत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी चारशे वर्षांपूर्वी ख्रिस्तपुराण याच मातीच्या भाषेत रचले, तेव्हापासून वेदान्ताची परिभाषा आमच्या कानांवर आहे. शेजारच्या घरी हरिपाठ चालतो, तो ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. म्हणून आम्हांस एवढे ठाऊक आहे की, श्रोडिंगर यांनी उपनिषदे वाचली ती शंकराचार्यांच्या अद्वैताच्या चष्म्यातून. त्याच ग्रंथांतून रामानुजांनी आणि मध्वांनी वेगळे अर्थ काढले. आणि वारकऱ्यांच्या भक्तीत देवाशी एकरूप होऊन जाण्यापेक्षा देवापुढे भक्त म्हणून उभे राहण्याची ओढ किती प्रबळ आहे, हे पंढरीच्या वाटेवर कोणीही पाहावे. प्रेम करायला दोघे लागतात. ख्रिस्ती माणूस हेच म्हणतो, आणि आमचा शेजारीही हेच म्हणतो. मग भारताच्या वतीने बोलण्याचा मान एकट्या व्हिएन्नाच्या प्राध्यापकाला का द्यावा?

तथापि विज्ञानाच्या पायरीवरून श्रद्धेच्या गच्चीवर उडी मारण्याचा मोह आपल्या बाजूलाही होतो. 22 नोव्हेंबर 1951 रोजी पोप बारावे पायस यांनी त्याच विज्ञान अकादमीपुढे भाषण करताना, विश्वाच्या आरंभाविषयीचे नवे शास्त्र जणू निर्मितीच्या त्या पहिल्या आज्ञेचीच साक्ष देते, अशा आशयाचे उद्‌गार काढले. विश्वारंभाचा तो सिद्धान्त ज्यांनी मांडला, ते बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र हे स्वतः धर्मगुरू होते, आणि त्यांनाच हे रुचले नाही. आपला सिद्धान्त धर्माच्या बाजूचा नाही आणि विरुद्धही नाही, तो त्या प्रश्नाच्या बाहेरचा आहे, अशी त्यांची धारणा होती. रोज मिस्साबलिदान अर्पण करणाऱ्या मनुष्याने आपल्या समीकरणांना वेदीवर चढू दिले नाही. पुढे 1960 पासून निधनापर्यंत, म्हणजे 1966 पर्यंत, ते अकादमीचे अध्यक्ष होते.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1996 साली अकादमीला पाठविलेल्या संदेशात उत्क्रांतिवाद हा आता निव्वळ तर्क राहिलेला नाही, असे मान्य केले. परंतु मानवी आत्मा हा सजीव द्रव्याच्या शक्तींतून नुसता उगवला, असे मानणे मनुष्याविषयीच्या सत्याशी जुळत नाही, असेही बजावले. अँडरसन म्हणतात, प्रत्येक पातळीवर नवे काही उगवते. पोपमहोदय म्हणतात, एक पातळी अशी आहे की जी खालून उगवत नाही, ती दिली जाते. या दोन वाक्यांमध्ये आम्ही अनेकदा अडखळून उभे राहिलो आहोत. मन बनविणाऱ्या मेंदूचे अणू तपासून यांतील एकही वाक्य खोडता येत नाही. परंतु अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर बसलेल्या कुटुंबाला डॉक्टर जेव्हा विचारतात की यंत्र चालू ठेवायचे की कसे, तेव्हा आत कोण निजले आहे, याविषयी आपण काय मानतो, याला फार महत्त्व येते.

श्रोडिंगर हे व्यक्ती म्हणून आदर्श नव्हते, हेही लिहिले पाहिजे. त्यांचे कौटुंबिक जीवन विस्कळीत होते, एवढेच सांगून भागत नाही. अल्पवयीन मुलींशी त्यांनी केलेल्या वर्तनाविषयीची माहिती त्यांच्या चरित्रात होतीच. डिसेंबर 2021 मध्ये डब्लिनच्या वर्तमानपत्रात ती पुन्हा पुढे आली, आणि 2022 मध्ये ट्रिनिटी कॉलेजाने एका व्याख्यानगृहाला दिलेले त्यांचे नाव काढून टाकले. हे योग्यच झाले असे आम्ही मानतो. मुलांच्या बाबतीत मोठ्या नावांनी काय केले, याकडे डोळेझाक करण्याची किंमत आपल्या ख्रिस्तसभेला ठाऊक आहे. समीकरण मात्र कोणाच्या चारित्र्यावर उभे नसते. ते शिकविले जाईलच.

4 जानेवारी 1961 रोजी व्हिएन्नात त्यांचे निधन झाले. टायरोल प्रांतातील आल्पबाख या डोंगरी गावी पुरले जावे, अशी त्यांची इच्छा होती. तेथील दफनभूमी चर्चच्या आवारातील, आणि मृत व्यक्ती कॅथोलिक नव्हती. गावच्या धर्मगुरूंनी प्रथम आढेवेढे घेतले. मग कोणी त्यांना सांगितले की, हे गृहस्थ पोपमहोदयांच्या विज्ञान अकादमीचे सदस्य होते. तेव्हा त्यांनी संमती दिली. कबरीवर लोखंडी क्रूस आहे, आणि त्या क्रुसावर एका गोल फलकात ते 1926 सालचे समीकरण कोरलेले आहे.